मे महिन्यातली आरती

आमच्या घरातला पंखा मला विचारल्याशिवाय फिरत नाही. (बायको मला न विचारता बरंच काही करते, पण पंखा नाही!) दिवे, पंखे, दारावरची बेल, माळ्यावरच्या टाकीचा व्हॉल्व्ह, सगळं टीव्हीमागे ठेवलेल्या साबणाच्या वडीएवढ्या एका डबीच्या हुकमात, आणि ती डबी माझ्या. मी विम्याच्या ऑफिसात नोकरी करतो, इंजिनियर वगैरे अजिबात नाही. केबिन रोडवरच्या दुकानांतून वायरी आणल्या, इंटरनेटवरून अक्कल आणली आणि पूनम सागरमधल्या आमच्या फ्लॅटला बोलतं केलं. परळ सोडून मीरा रोडला आलो तेव्हा जे नातेवाईक "एवढ्या लांब?" म्हणाले होते, तेच आता येतात, बेल दाबतात आणि घर आपणहून "या, बसा" म्हणालं की दचकून दारातच उभे राहतात. माझी छाती अशी काही फुगते, की शर्टाचं बटण सांभाळावं लागतं.

इतका आत्मविश्वास, की हॉलचा जुना स्विचबोर्ड मी शोकेसच्या मागे गाडून टाकला.

"अहो, कधी लागला तर?" सुनंदा म्हणाली होती. सुनंदा म्हणजे माझी बायको.

"विहीर असलेल्या घरात कोणी घागर घेऊन नदीवर जातं का?" मी म्हणालो. (अशी वाक्यं मला वेळेवर सुचतात. पस्तावा नंतर सुचतो.)

पण घरातल्या कौतुकावर माणसाचं पोट भरत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये मला कोणी ओळखत नव्हतं. सुनंदाला सगळे ओळखतात. तिची भिशी आहे, तिचे अनारसे आहेत, लिफ्ट बंद पडली तरी लोक तिलाच फोन करतात. मी जिन्यात दिसलो की लोक एकमेकांना सांगतात, "ते वैनींचे मिस्टर." मला नाव आहे, कदम, आणि ते एकदा तरी सोसायटीने घ्यावं, एवढीच माझी इच्छा होती.

संधी दिली पाण्याने. खालच्या टाकीतलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचा पंप आमचा वॉचमन चालू करतो आणि विसरतो. मग वरून धबधबा सुरू होतो आणि वॉचमन खालून "पानी! पानी!" असं ओरडत धावतो, जणू पाणी त्याला न विचारता आलंय. सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "हा पंप मी ऑटोमॅटिक करून देतो. फुकट."

चेअरमन जिग्नेशभाई खूश झाले. "वा! ये तो फर्स्टक्लास!"

सेक्रेटरी म्हात्रे काका मात्र खुर्चीतून हलले नाहीत. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे एके काळी त्यांच्या आज्याचं भाताचं शेत होतं, त्यामुळे बिल्डिंगमध्ये काही नवीन करायचं म्हणजे त्यांना आपल्या बांधावर कोणी चढल्यासारखं वाटतं.

"वॉचमन हाय ना? मंग? मशीनला कुटं अक्कल हाय?"

शेवटी ठरलं ते असं. रविवारी अकराला हे दोघे आमच्या घरी येणार, आमची माळ्यावरची टाकी आपोआप भरते आणि आपोआप बंद होते हे डोळ्यांनी बघणार, आणि मगच पंपाचं ठरवणार. आमच्याकडे पाणी साधारण त्याच सुमाराला येतं.

शनिवारी संध्याकाळी मी मोबाईलवर डबीचा स्क्रीन उघडला आणि त्यावर लाल ठिपका दिसला. अपडेट आलं होतं.

"हात लावू नका," सुनंदा म्हणाली. "उद्या पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी कोणी फरशी उखडतं का?"

"अगं, लाल ठिपका दिसतोय. म्हात्रे काकांना दिसला तर?"

"म्हात्रे काकांना मोतीबिंदू आहे."

पण मला ठिपका बघवत नाही. मी बटण दाबलं. पंखा थांबला, दिवे गेले. कोपऱ्यातल्या आरामखुर्चीतून माझे वडील, अप्पा, यांनी विचारलं, "लाईट गेली काय रे?"

"नाही अप्पा, अपडेट झालं."

"म्हणजे गेलीच."

झालं होतं असं. घराला एकेक काम शिकवायला त्या डबीत छोटे छोटे प्रोग्रॅम घालायचे असतात, त्यांना अ‍ॅड-ऑन म्हणतात. आजवर त्या सगळ्यांच्या फायली एकाच फोल्डरमध्ये एकत्र कुटुंबासारख्या नांदत होत्या. नव्या अपडेटने वाटण्या केल्या! ज्याचं त्याचं वेगळं फोल्डर, ज्याची त्याची वेगळी चूल. बाकी सगळे गुपचूप आपापल्या नव्या घरी गेले. टाकीच्या व्हॉल्व्हवाला अ‍ॅड-ऑनसुद्धा गेला. पण कधी काय चालू, कधी काय बंद आणि कधी काय बोलायचं, हे ज्याला ठाऊक, तो वेळापत्रकाचा मुख्य अ‍ॅड-ऑन नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये मख्ख बसून राहिला. कारण त्याच्या फायलीला मी नेहमीचं नाव न देता माझ्या कल्पनेने नाव दिलं होतं, आणि अपडेटला माझी कल्पना समजली नाही.

उपाय सोपा होता. जुन्या फोल्डरमधली फाईल उचलायची आणि नव्यात ठेवायची. मी जुनं फोल्डर उघडलं. आत 'वेळापत्रक फायनल', 'वेळापत्रक फायनल नवीन', 'वेळापत्रक खरंच फायनल', 'वेळापत्रक आता पुरे' आणि अशीच आणखी भावंडं! यातली चालू फाईल कोणती, हे ज्याने ती बनवली त्यालाच आठवेना. आणि तो मी.

"एकेक उघडून बघा की," सुनंदा अंधारात भाजी ढवळत म्हणाली.

"गरज नाही. सगळ्यात ताजी तारीख जिची, ती चालू." विम्यातली इतक्या वर्षांची नोकरी बोलत होती. मी ताजी फाईल नव्या फोल्डरमध्ये ठेवली, डबी बंद करून चालू केली, आणि ताटं घेईपर्यंत दिवे लागले, पंखा फिरला! मी अप्पांकडे असं पाहिलं, जसं कोणी शंभर धावा काढून पॅव्हेलियनकडे बघतं. अप्पा भात कालवत होते.

"गॅलरीतलं तोरण का लागलं?" सुनंदाने विचारलं. गणपतीतलं ते लुकलुकणारं तोरण, काढायचं म्हणून तसंच राहिलेलं.

"आनंदाने," मी म्हणालो.

रविवारी अकराला बेल वाजली. माझं घर "या, बसा" म्हणणार म्हणून मी दाराआड हसतमुख उभा होतो. घर खणखणीत आवाजात ओरडलं, "गणपती बाप्पा मोरया! चपला बाहेर काढा, दर्शनाची रांग डावीकडून!"

"मोरया!" दाराबाहेरून जिग्नेशभाई सवयीने ओरडले.

ती ताजी फाईल आमची गणपतीची होती! दरवर्षी बाप्पाच्या दिवसांसाठी मी घराला वेगळं वेळापत्रक घालतो. माझी सगळ्यात लाडकी फाईल ती. विसर्जन झालं तरी मला राहवत नाही. पुढच्या वर्षी हे वाढवू, ते वाढवू म्हणत महिन्या-दोन महिन्यांनी मी ती उघडतो आणि तीट लावतो. तारीख ताजी असायचीच!

"अरे कदमभाई, गणपती बैठे क्या? मई में?" जिग्नेशभाईंनी चपला खरंच बाहेर काढल्या आणि खरंच डावीकडून आत आले.

"तसं काही नाही, टेस्टिंग, टेस्टिंग," मी हसत म्हणालो आणि मोबाईलवरून फाईल बदलायला गेलो. मोबाईल म्हणाला, पुन्हा लॉगिन करा. पासवर्ड मागितला. भीतीने मला स्वतःची जन्मतारीख आठवेना!

पाहुणे सोफ्यावर बसले. म्हात्रे काका घड्याळ बघत म्हणाले, "हां, दाव आता. कुटं हाय तुजी टाकी?"

"पाणी आलं की घर स्वतः सांगेल काका. पाचच मिनिटं."

आणि घराने सांगितलं. आधी घंटानाद झाला. मग पंखा थांबला. (निरांजन विझू नये म्हणून आरतीच्या वेळी पंखा बंद, ही माझीच कल्पना. सगळ्या नातेवाईकांनी तिचं कौतुक केलंय.) मग बाप्पा बसतात त्या कोपऱ्यावरचा फोकस लागला. त्या कोपऱ्यात वर्षाचे उरलेले दिवस अप्पांची आरामखुर्ची असते. त्या लखलखीत उजेडात बनियनवर पेपर वाचणारे अप्पा प्रकट झाले, आणि माझ्या स्वतःच्या आवाजात, सुनंदाच्या झांजांसकट, बाप्पाची सकाळची आरती सुरू झाली!

मराठी माणसाचे पाय अशा वेळी डोक्याला विचारत नाहीत. म्हात्रे काका ताडकन उठले आणि टाळ्या वाजवू लागले. जिग्नेशभाई तर डोळे मिटून गाऊ लागले, तेही सगळी कडवी, न अडखळता! समोरच्या फ्लॅटमधून मायलेकी धावत आल्या आणि दारातच हात जोडून उभ्या राहिल्या. सगळे अप्पांकडे तोंड करून. अप्पांनी पेपर घडी घालून मांडीवर ठेवला, एकदा सगळ्यांकडे पाहिलं, आणि सावकाश उजवा हात आशीर्वादासाठी वर केला.

मी टीव्हीमागे हात घालून डबीची वायर चाचपली. झटका दिला की खेळ खलास! तेवढ्यात सुनंदाने माझं मनगट धरलं.

"खबरदार! आरती मध्येच तोडतात का?"

"अगं, पण पंखा..."

"सगळ्यांनी घाम पुसला तरी चालेल. आरती पुरी होऊ दे."

हॉलचा स्विच हाताने दाबावा, तर तो शोकेसच्या मागे. आमच्याकडे एका आरतीवर भागत नाही. एकामागून एक पाच आरत्या झाल्या, वर मंत्रपुष्पांजली. मे महिना, बंद पंखा, आणि रेकॉर्डिंग करताना हौसेने दीड मिनिट ताणलेला माझा शेवटचा सूर! जिग्नेशभाईंच्या शर्टाचा रंग बदलला होता, पण टाळी चुकली नाही. सुनंदाने डब्यातलं खोबरं आणि साखर घाईघाईने वाटीत घालून प्रसाद आणला. तो हातावर पडला आणि पंखा आपोआप सुरू झाला. सगळ्यांनी एकदम "हाऽऽश" केलं.

मी मान खाली घालून उभा होतो. कमिटीसमोर वडिलांची आरती केली होती. झालं, आता मरेपर्यंत वैनींचे मिस्टर!

म्हात्रे काका प्रसाद चघळत विचारायला लागले, "आणि पानी? कवा यायचं तुजं पानी?"

आम्ही सगळे स्वयंपाकघरात धावलो. पाणी आरतीच्या वेळीच येऊन गेलं होतं! काका स्टुलावर चढले, माळ्यावरच्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला, मग खाली उतरून फरशी निरखली.

"भरली हाय काठोकाठ. सांडली न्हाय." मग माझ्याकडे वळले. "पर हे बोल्लं कसं न्हाय? पानी आलं की बोलतं म्हनलास ना?"

"आरती चालू होती काका," मी चाचरत म्हणालो. "आरतीत मध्येच ओरडू नये, अशी सोय केलीये मी त्या फायलीत."

काकांनी ओला हात लेंग्याला पुसला. "म्हंजे आरती चालू हाय म्हनून गप ऱ्हायलं, आनि काम बी केलं?" ते जिग्नेशभाईंना म्हणाले. "बगा चेअरमन. आपला वॉचमन विसर्जनाच्या आरतीत बी 'पानी पानी' करून बोंबलला होता. याला अक्कल हाय. पंप द्या याला!"

मला गहिवरून आलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, आणि तेही न सांडता.

पाहुणे गेल्यावर सुनंदा माझ्या शेजारी बसली. "त्या जुन्या फोल्डरमधली सगळ्यात जुनी तारीख बघा. जिला तुम्ही वर्षभर हात लावला नाहीत, तीच चालू फाईल असणार."

"कशावरून?"

"तुम्ही हात लावलेलं एवढे दिवस सुरळीत चाललं असतं का?"

मी ती फाईल नव्या फोल्डरमध्ये ठेवली. तोरण विझलं, बेल पुन्हा "या, बसा" म्हणू लागली. संध्याकाळी मुकाट्याने शोकेसही सरकवलं. बायकोचा मला तेव्हा जो अभिमान वाटला, तो मी तिला सांगूनही टाकला. ती म्हणाली, "शोकेस अजून थोडं डावीकडे."

आता गच्चीवरची टाकी आपोआप भरते, आपोआप थांबते, आणि धबधबा बंद झालाय. वॉचमनचीही नोकरी शाबूत आहे. पूर्वी तो पंपावर लक्ष ठेवायचा, आता कमिटीच्या ठरावानुसार माझ्यावर ठेवतो, कारण अपडेटचं बटण दाबायचा अधिकार सुनंदाकडे आहे आणि पंपरूमची किल्लीही. पंपरूमच्या दारावर जिग्नेशभाईंनी लाल रंगात एक पाटी रंगवून घेतली आहे: 'अनोळखी व्यक्ती व श्री. कदम यांना आत येण्यास सक्त मनाई.' मी तिच्याशेजारी उभा राहून काढलेला फोटो सगळ्या नातेवाईकांना पाठवलाय. आमच्या सोसायटीत स्वतःच्या नावाची पाटी लागलेला मी एकटाच सभासद आहे. चेअरमनचीसुद्धा नाही!