नावाकडची बाजू

आईचा फोन आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि मी लॅपटॉपवर मामाचीच बाजू मांडणारा मेल टाइप करायले होते. "नारूमामा गेला गं माय," आई म्हणाली. मी म्हणले, "आत्ता तर त्याची दुकान उघडायची वेळ हाय." काहीतरी खुळ्यासारखं बोलून गेले. चहा पिता पिता कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकला, एवढंच झालं म्हणे... तीन आठवडे झाले. तो मेल अजून तसाच अर्धा पडलाय. त्याचं नंतर सांगते, आधी मामा.

पूर्णेत स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर मामाचं मेडिकल, आईच्या लग्नाआधीपासूनचं. तिथं लोक औषधाचं नाव घेऊन येतच नाहीत. "ती पांढरी, मधी रेघ असलेली," नाहीतर "मागच्या टायमाला बापूला दिलती ती," नाहीतर नुसता गोळ्यांच्या पट्टीचा कापलेला तुकडा काउंटरवर ठेवायचा आणि गप उभं राहायचं. मामा चष्मा कपाळावर चढवून तो तुकडा डोळ्याजवळ धरणार आणि मग सुरू... कोणाला? कशासाठी? कोण लिहून दिलती? एकदा एक म्हातारे लय वैतागले. "नारायणराव, गोळी मागायलो, पोरगी न्हाई मागायलो." मामा शांतपणे म्हणाला, "सोयरीक मोडता येती काका. गोळी गिळली की गिळली."

मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. काय करते हे घरात कोणालाच कळत नाही, आई सगळ्यांना "कॉम्प्युटरमधी हाय" म्हणून सांगते. मामानं मात्र खोदून खोदून विचारलं. मी सांगितलं, एआय एजंट म्हणजे माणसाच्या वतीनं कामं करणारा प्रोग्राम. दवाखान्यातल्या एजंटला औषध शोधायचं असलं की तो आमचं टूल, म्हणजे औषधांची नावं शोधून देणारी सोय, वापरतो. आणि ते कसं वापरायचं, काय सापडलं तर पुढं काय करायचं, ते सगळं मी लिहून ठेवते, ते वाचून एजंट वागतो.

"म्हंजे कंपाउंडरला शिकवायलीस," मामा म्हणाला. "त्याला वाचता येतं का?"

"तेवढंच येतं, मामा."

"मग नीट लिही, माय."

आणि नुसतं बोलून थांबला नाही, लिहिलेलं दाखव म्हणाला. मोबाईलवर वाचणार नाही, डोळे दुखतात. मग मी झेरॉक्सवाल्याकडून आठ पानं काढून नेली. इंग्रजीच होती, पण मामाचं इंग्रजी औषधांच्या खोक्यातल्या चिठ्ठ्या वाचून पक्कं झालेलं. दुपारी गिऱ्हाईक नसताना लाल पेन घेऊन बसला. पाचव्या पानावर माझं सगळ्यात लाडकं वाक्य होतं: पूर्ण नाव जुळलं नाही तर सगळ्यात जवळचं नाव द्यावं. ऑफिसात त्याचं कौतुक झालेलं. मामानं त्याच्यावर आडवी रेघ मारली आणि बाजूला मराठीत लिहिलं, "इथं थांबा. विचारा."

मी भांडलेच. "लोक अर्धवटच नाव सांगतात, मामा. टूलनं काहीच दिलं नाही तर त्याचा उपयोग काय?"

मामानं पट्ट्या कापायची कात्री पुसून खाली ठेवली. मग त्यानं जे सांगितलं ते मामीला सोडून कोणालाच माहीत नव्हतं. दुकान नवीन होतं तेव्हा चुडाव्याची एक बाई पट्टीचा तुकडा घेऊन आली. सुनेसाठी गोळ्या पाहिजे होत्या. तुकड्यावर नावाची पहिली तीनच अक्षरं राहिलेली, बाकीचं कापून गेलेलं. दुकानात गर्दी. मामानं त्या तीन अक्षरांवरून जे जवळचं वाटलं ते दिलं. बाई गेली. अर्ध्या तासानं तिचा तुकडा काउंटरवर दिसला, उलटा करून उजेडात धरला, तर मागची छपाई दिलेल्या गोळ्यांच्या पट्टीशी जुळंना. दिलेली गोळी वेगळ्याच आजाराची. दुकान शेजारच्या टेलरच्या भरवशावर सोडून मामा पळाला. स्टेशनात पॅसेंजर गाडी लागलेलीच होती. चुडावा पुढचंच स्टेशन. पण बाईचं नाव माहीत नाही, घर माहीत नाही. हिरवं लुगडं आणि घरात आजारी सून, एवढ्यावर दारोदार विचारत फिरला.

"सापडली?"

"ओसरीवर गहू निवडत बसलती. गोळ्या पदराच्या गाठीत. सून जेवल्यावर देणार होती." मामा हसला. "मला म्हणती, एवढ्यासाठी आलास व्हय बाबा? चहा घेऊनच जा."

मग पानावर बोट ठेवून म्हणाला, "तुझ्या एजंटला चुडाव्याला जाता यील का?"

त्या चुडाव्याच्या दिवसापासून मामाची कात्री बाकीच्या दुकानांपेक्षा उलटी चालायची. अर्धी पट्टी द्यायची असली तरी नाव, गोळीची ताकद, मुदतीची तारीख छापलेली बाजू गिऱ्हाईकाकडं, उरलेली आपल्या खोक्यात. वर सांगायचा, "ह्या टोकाकडून खात या, नाव शेवटी राहू द्या." मी लहानपणापासून बघायले होते, कारण आत्ता कळलं.

मामाची दुरुस्ती मी ऑफिसात मांडली, पण आमच्या टीम लीडना ती पटली नव्हती. टूल रिकाम्या हातानं परत आलं तर लोक वापरणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तर तो मेल... तेराव्यानंतर कामावर परतले आणि मेल पूर्ण करायच्या ऐवजी मीटिंगमध्ये चुडाव्याची गोष्टच सांगितली. लय भरभर सांगितली. मग लीड म्हणाले, "आणि गाडी चुकली असती तर?"

मी म्हणले, "तेच तर, सर."

वाक्य बदललं. नाव नेमकं जुळलं नाही तर थांबावं, माणसाला विचारावं. इंग्रजीत ते जरा रुक्ष दिसतं, लाल पेनातलं जास्त चांगलं होतं.

परवा पूर्णेला गेले, मामाला सांगितल्यासारखं होईल म्हणून. मामी त्याचे शर्ट घड्या घालत होती. एका खिशातून गोळ्यांची पट्टी निघाली. "ही कशाची असंल गं?" तिनं विचारलं. बाकीची सगळी कापून गेलेली, नावाकडची एकच गोळी राहिली होती. मी वाचलं आणि सांगितलं. बीपीची. नाव, ताकद, तारीख, सगळं शाबूत.

"बघू," म्हणत मामीनं पट्टी हातात घेतली, नावावरून अंगठा फिरवला आणि परत त्याच खिशात ठेवली.