न ऐकलेल्या आवाजांचा इंटरव्ह्यू

"पण हा आवाज ऐकला कोणी?" संस्थेच्या अध्यक्षांनी विचारलं.

समोर कल्पना साळवे बसली होती. केदारखेड्याची मुलगी, संस्कृतची पीएच. डी. घनसावंगी तालुक्यातल्या याच कॉलेजात ती कितीतरी वर्षं सीएचबीवर शिकवत होती. सीएचबी म्हणजे तासाला ठरलेलं मानधन आणि सुट्टीत ठणठणगोपाळ. आता पक्की जागा निघाली होती. या वेळी भरली नाही तर पदच रद्द होणार होतं, म्हणजे तासही गेले. मी विषयतज्ज्ञ होतो. विषयतज्ज्ञ म्हणजे विद्यापीठाने पाठवलेला, दोन कप चहा पिऊन चार प्रश्न विचारणारा मास्तर. माझे चार प्रश्न झाले होते आणि पोरगी मला मनापासून आवडली होती.

घोटाळा तिच्या प्रबंधाने केला. विषय होता लॅरिंजियल. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या बहिणी धरल्या तर त्यांची एक आई असणार. तिचं लिहिलेलं एक अक्षरही मिळालेलं नाही. नातवंडांच्या तोंडावळ्यावरून आजीचं नाक ठरवावं, तसा आमचा हा उद्योग. त्या आईच्या बोलण्यात घशाच्या तळातून, खाकरल्यासारखे निघणारे काही आवाज होते असं आम्ही मानतो. तेच लॅरिंजियल.

"ऐकला न्हाई कोणीच, सर," कल्पना म्हणाली.

"मंग आहे कशावरून?"

"संस्कृतात काही शब्द नियमाबाहेर वागतात. जिथं ऱ्हस्व स्वर पाहिजे तिथं दीर्घ येतो. युरोपातल्या एका तरुणानं अंदाज बांधला की इथं आधी एक आवाज असणार. तो गेला आणि जाताना शेजारच्या स्वराला लांब करून गेला."

"म्हणजे चोर दिसला न्हाई, पण कडी उघडी होती."

"बराबर, सर." तिला जरा हुरूप आला. "पाणाड्या कसा, वर काहीच दिसत नसताना सांगतो की इथं पाणी आहे..."

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. नारळ हातावर उभा करून पाण्याची जागा दाखवणाऱ्यांच्या भरवशावर अध्यक्षांनी आपल्या वावरात बोअरवर बोअर मारले होते. निघाला तो फुफाटा. हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. संस्कृतच्या पुस्तकांत तेवढं आलेलं नव्हतं.

"पाणाड्याचं नाव माझ्यापुढं काढू नका, मॅडम," अध्यक्ष म्हणाले. "नुसत्या अंदाजावर माझा लई खर्चा झालाय. आता तुमच्या अंदाजावर मी पोस्ट भरू?"

कल्पनाचा चेहरा उतरला. मी पुढचा कप ओढला. विषयतज्ज्ञाला अशा वेळी दुसरं काही सुचत नाही.

पण ती सावरली. "सर, इथं नंतर खोदून बघितलंय. तो अंदाज बांधणारा माणूस वारल्यावर तुर्कस्तानात सापडलेल्या मातीच्या पाट्या वाचल्या गेल्या. संस्कृतच्याच कुटुंबातली एक जुनी भाषा निघाली, हित्ती. आपण अस्थी म्हणतो, त्यांच्याकडं हस्ताइ. आपल्याकडं गळून पडलेला पहिला आवाज तिथं पाटीवर लिहिलेला आहे. अंदाजानं जिथं सांगितला, तिथंच."

अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. "जिथं सांगितलं तिथंच?"

"हो, सर."

"असे आवाज किती धरलेत तुम्ही लोकांनी?"

"बहुतेक जण तीन धरतात."

"मंग तिन्ही सापडले?"

मी टेबलाखालून तिला पाय मारणार होतो, पण मध्ये प्राचार्यांचा पाय होता. नुसतं 'हो' म्हणून मोकळं व्हावं. हित्तीतलं इथे कोणाला काय कळतंय?

"न्हाई, सर," ती म्हणाली. "एक चांगला सापडला. दुसरा कुठं कुठं. तिसऱ्याचा पाटीवर पत्ताच न्हाई. तो अजून नुसता अंदाज आहे. चूकही असू शकतो."

झालं, मी मनात म्हटलं. हिने स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. मला तिचा रागच आला.

अध्यक्ष प्राचार्यांकडे वळले. "माझ्या वावरात इतके पाणाडे येऊन गेले. बोअर कोरडा गेला की कोणी म्हणे नारळ खोटा, कोणी म्हणे मशीनवाल्यानं जागा हलवली. 'माझं चुकलं' असं एकानं म्हणलं न्हाई. ही पहिली बाई पाह्यली, कोरडा बोअर सोताहून दाखवणारी. घ्या यांना."

मला इतका आनंद झाला की मी तिसरा चहा मागवला.

ऑर्डर हातात पडली तेव्हा कल्पनाचे डोळे भरून आले होते. अध्यक्षांनी तिला दारापर्यंत सोडलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, खालच्या वावरात एकदा नजर टाकता का?"

"सर, मी फक्त संस्कृतपुरतीच."

पुढे रिटायर होईपर्यंत मी पुष्कळ इंटरव्ह्यू घेतले. आपल्याला काय येतं ते सगळेच घडाघडा सांगत. म्हणून माझा पहिला प्रश्न असे, तुमच्या प्रबंधात काय सिद्ध झालं नाही ते सांगा. बहुतेक उमेदवार तिथे पाणी मागत.