मोगऱ्याचं पाणी

माघ सरत आला की आमच्या परसातल्या मोगऱ्याचं पाणी तोडायचं असतं. तोडायचं म्हणजे बंद करायचं. ऊन वाढायला लागलेलं असतं, झाड तहानेलं दिसतं, हात आपोआप बादलीकडे जातो, पण द्यायचं नाही. पानं मलूल झाली की ती हाताने ओरबाडून काढायची, काड्या छाटायच्या, बुडाची माती उकरून मुळ्यांना ऊन दाखवायचं. झाड मेल्यासारखं दिसतं. मग एके दिवशी बुडात शेणखत घालून पाणी सोडायचं, की चैत्र संपायच्या आत कळ्या धरतात. तो दिवस कोणता, हे आमच्या घरात एकाच माणसाला कळायचं. लवकर सोडलं तर नुसता पाला येतो. उशीर झाला तर झाड जातं.

ते कळणारं माणूस म्हणजे आमचे मालक. त्यांची सगळी नोकरी पाचगणीला एका शाळेच्या बागेत गेली. मी इकडे आष्ट्याला सासूसासऱ्यांजवळ राहिले. ते सुट्टीला यायचे, दोन दिवस राहायचे, त्यातला एक दिवस परसात जायचा. मी चौथीपर्यंत शिकलेली, माहेर उंब्रजचं, बोलायला पहिल्यापासून भित्री. माणसांत मला शब्द सापडत नाहीत. त्यांनाही बोलायची सवय नव्हती. त्यामुळे आमचं जे काही बोलणं झालं ते झाडांवरून झालं. हे आळं मोठं कर. ती फांदी राहू दे. इथं उसाचं पाचट पसर, माती तापायची नाही. बाहेरच्या कुणाला ते हुकूम वाटले असतील. मला तसं कधी वाटलं नाही.

नोकरी संपवून ते कायमचे घरी आले आणि आमचा खरा संसार तेव्हा सुरू झाला, असं मी मनात धरलं होतं. सकाळी ते खुरपं घेऊन पुढे, मी टोपली घेऊन मागे. दोडक्याच्या बिया टोकायच्या, वेलाला मांडव करायचा, कढीपत्ता छाटायचा. काम करता करता ते पाचगणीच्या थंडीचं सांगायचे, दंव पडलं की स्ट्रॉबेरीची रोपं कशी दिसतात ते सांगायचे. इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं तेवढं मी त्या दोन उन्हाळ्यांत ऐकलं.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर आवाज गेला. अगदी गेला असं नाही. दिवसातून एखाद दुसऱ्या वेळी, बहुधा दुपारी जेवण झाल्यावर, ते काहीतरी बोलायचे. एकेक शब्द विहिरीतून बादली ओढावी तसा वर यायचा, मान ताठ व्हायची, कपाळावर घाम यायचा, आणि आवाज इतका बारीक की कान तोंडाशी न्यावा लागायचा. डॉक्टर म्हणाले, बोलत राहू द्या, बोलणं थांबलं तर परत यायचं नाही. म्हणून मी त्यांची खाट मागच्या पडवीत आणली. तिथून परस दिसतो. मला वाटलं, झाडं बघून बोलतील. आणि बोललेही. आळूवर बोट दाखवून म्हणाले, "लय वाढलाय." मी तेवढ्यावर दिवसभर खूष होते.

पडवीला लागून भिंत आणि भिंतीपलीकडे शेजारी. त्यांचा साउंडचा धंदा आहे. लग्नाची वरात, जत्रा, कुणाची मिरवणूक, सगळीकडे त्यांचा टेम्पो जातो. कपाटाएवढे बॉक्स अंगणात रचलेले असतात. शिमगा जवळ आला की ते एकेक उघडून दुरुस्त करतात आणि वाजवून बघतात. वाजवून बघायची वेळ दुपारची, कारण सकाळी शेतावर असतात आणि संध्याकाळी कुठेतरी ऑर्डर असते. बॉक्स वाजला की आमचा पत्रा थरथरतो, मांडणीतली ताटं किणकिणतात. तो आवाज कानाने नाही, छातीने ऐकू येतो.

वाईट माणसं असती तर बरं झालं असतं. झटका आला त्या दिवशी ह्यांना उचलून आपल्या टेम्पोत घालून सांगलीला नेणारा हाच शेजारी. बॉक्स खाली उतरवायला वेळ नको म्हणून बॉक्सांच्या मधेच गादी टाकली होती. मी त्याच गादीजवळ बसून सांगलीपर्यंत गेले. अशा माणसाला आवाज कमी कर म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं.

पहिल्यांदा बॉक्स आडवा आला त्या दुपारी काय झालं ते नीट आठवतं. मोगऱ्याची पानं मी आदल्या दिवशी काढून संपवली होती. ह्यांनी डावा हात वर करून झाडाकडे दाखवलं आणि तोंड उघडलं. मी कान जवळ नेला. तेवढ्यात पलीकडे बॉक्स सुरू झाला.

"काय म्हणलासा?" मी विचारलं.

त्यांनी परत जुळवाजुळव केली. ओठ हलताना दिसत होते. पत्र्याचा आवाज, ताटांचा आवाज, कुणीतरी माईकवर "हॅलो, हॅलो" करतंय.

"आवं, परत सांगा की."

तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नाही. घाम आला होता. मी पदराने पुसला. त्यांनी मान भिंतीकडे केली.

मी उठले, शेवग्याच्या शेंगा काढल्या, पातेल्यात घातल्या आणि शेजारी गेले. रिकाम्या हाताने जाऊन सांगणं मला जमलं नसतं. पातेलं हातात असलं की दारात उभं राहायला कारण मिळतं. वाटेत मी वाक्य तयार केलं होतं. दुपारचं थोडं हळू लावता का, ह्यांचं बोलणं ऐकू येत नाही. शेजाऱ्याची बायको पुढे आली, पातेलं घेतलं, शेंगा बघून खूष झाली. मी उभी राहिले. बॉक्स वाजत होता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी बॉक्सकडे बघत होते. मग "येते" म्हणाले आणि वाक्य तसंच घेऊन घरी आले.

आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. दुसऱ्या दिवशी माझं पातेलं गव्हाच्या खिरीने भरून आलं, वर झाकण म्हणून त्यांची ताटली. म्हणजे आता त्यांच्या ताटलीत काहीतरी घालून मला परत जाता येणार होतं. मला बरं वाटलं. बॉक्स सुरू झाला की मी आळूची पानं घेऊन निघायची. नाहीतर लिंबं. नाहीतर कोवळा कढीपत्ता. दर वेळी वाक्य तयार असायचं आणि दर वेळी मी उंबऱ्याशी उभी राहून, बॉक्सकडे बघून, परत यायची. शिमग्यापर्यंत आमच्या दोन घरांत भांडी इतकी इकडून तिकडे झाली की कुणाचं काय हे विसरायला झालं.

एक दिवस शेजाऱ्याची आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. मला बघून म्हणाली, "या. गाणं लागलं की तुमी येणारच, हे आता आमाला ठावं झालंय."

मी पातेलं ह्या हातातून त्या हातात घेतलं.

"आमची म्हस ह्या आवाजानं पान्हा चोराय लागली," म्हातारी म्हणाली, "आन् ह्या बाईला बघा, गाण्याबिगर दुपार जात न्हाई."

सून हसली. "असू द्या की आत्याबाई. काकूंना आवड हाय. घरात आजारी माणूस, करमणूक कोण करणार त्यांची?"

तिने मायेने म्हटलं होतं. मी पातेलं पुढे केलं आणि घरी आले. म्हशीचं दूध आटलं तर ती माणसं आवाज कमी करतील, असं मला वाटेत वाटून गेलं. म्हशीला सांगता येत नाही तरी तिचं कळतं.

दुसऱ्या दिवशी बॉक्स लागला तो वेगळाच लागला. पडवीतल्या तांब्यातलं पाणी हलायला लागलं. शेजाऱ्याने भिंतीवरून डोकं काढलं. "काकू, आवाज बरूबर येतोय न्हवं? एक बॉक्स तुमच्याकडं तोंड करून ठेवलाय. काकांस्नीपण बरं वाटंल पडल्या पडल्या. अभंग लावलाय बघा, साधंसुधं न्हाई."

त्याच्या तोंडावर इतकं समाधान होतं. मी मान हलवली. काय हलवली, होकाराची की नकाराची, मलाच कळलं नाही. त्याने होकाराची धरली.

ह्यांनी त्या दुपारी परत एकदा प्रयत्न केला. झाडाकडे दाखवलं, मग बादलीकडे दाखवलं. म्हणजे पाण्याचंच काहीतरी होतं. सोड म्हणत होते की थांब म्हणत होते, ते कळेना. मी त्यांच्या ओठांवर बोटं ठेवून पाहिलं, शब्द हाताला लागतो का. लागला नाही. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटतं रागानेच आले असतील, ते रडणारे नव्हते. मी पडवीतच बसून राहिले. भिंतीपलीकडे कुणीतरी देवाला हाका मारत होतं आणि आमच्या घरातलं माणूस त्यात बुडत होतं.

त्यानंतर ते बोलले नाहीत. दुपारी जेवण झालं की डोळे मिटून घ्यायचे. बॉक्स असो नसो.

मग पाडवा झाला, जत्रा सुरू झाल्या. टेम्पो भरून शेजारी गावोगाव निघून गेले. म्हातारीसुद्धा लेकीकडे गेली. अंगण रिकामं. मी लग्न होऊन आल्यापासून इतकी शांतता या घरात ऐकली नव्हती. भारद्वाज ओरडला तरी दचकायला व्हायचं. पहिल्या दिवशी मी भरभर भांडी उरकली, स्टूल घेऊन खाटेजवळ बसले आणि म्हणाले, "आता सांगा. कुणी न्हाई आता. मोगऱ्याचं काय म्हणत हुतासा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पानी सोडू का अजून थांबू?"

त्यांनी मोगऱ्याकडे बघितलं, मग पत्र्याकडे. तोंड उघडलं नाही. मी रोज विचारत राहिले. नुसतं मोगऱ्याचं नाही, पाचगणीचंही विचारलं. दंवाचं विचारलं. ऐकलेलं परत विचारलं, कारण ते सांगताना शब्द नवे शोधावे लागणार नाहीत असं मला वाटलं. ते ऐकायचे, हे मला कळत होतं. पण वर ओढायची ती दोरीच कुठंतरी सुटली होती.

मोगरा तर थांबणार नव्हता. ते काडीवर नख मारून बघायचे, हे मी पाहिलं होतं. मीही नख मारलं. आत हिरवं दिसलं. पण हिरवं दिसल्यावर ते काय ठरवायचे, हे मी कधी विचारलं नव्हतं. माणूस समोर असताना विचारावं लागत नाही. शेवटी मी खत घातलं आणि पाणी सोडलं.

झाड जोमाने फुटलं. मोठी, गर्द, तुकतुकीत पानं. रोज सकाळी मी एकेक फांदी वाकवून शेंडे बघायची. पाला, नुसता पाला. चैत्र संपला तरी एक कळी नाही. मी त्यातलं एक पान तोडून त्यांच्या डाव्या हातात ठेवलं. मला वाटलं, चिडतील. घाई केलीस म्हणतील. एवढ्या वर्षांत झाडाचं काही चुकलं आणि ते गप्प राहिले असं झालं नव्हतं. त्यांनी पान अंगठ्याने चाचपलं, वळवून बघितलं. मी कान जवळ नेला. परसात साधा वाराही नव्हता. श्वास ऐकू आला, तेवढाच. मग त्यांनी पान चादरीवर ठेवलं.

त्याच आठवड्यात टेम्पो परत आला. शेजाऱ्याची बायको जत्रेचा प्रसाद घेऊन आमच्या दारात आली, बत्तासे आणि चुरमुरे, त्यांच्याच ताटलीत. ती रिकामी कशी द्यायची म्हणून मी कढीपत्त्याचे चार डहाळे तोडून तिच्यात ठेवले.

"काका कसं हायत?" तिने विचारलं.

मी म्हणाले, "बोलत न्हाईत आता." एवढं वाक्य मी तिच्यासमोर पहिल्यांदाच पुरं केलं.

तिचा चेहरा पडला. तिने माझ्या दंडाला धरलं. "आमी नव्हतो ना महिनाभर. घर सुनंसुनं झालं असंल. माणूस कोमेजतंय अशानं." मग मागे वळून तिने अंगणात हाक मारली, "आवं, तो काकांचा बॉक्स आधी उतरवा."