बुडालेल्या रस्त्यावरची नाव

"अरे, बैल बुडायलाय तिकडं. त्या खुर्च्या काढा की वाटेतून."

आप्पा ओरडत होते. आप्पा म्हणजे आमच्या शेजारचे शेतकरी. गळ्यात इष्टलिंग, अन् आवाज असा की देवणीच्या बाजारात बोलले तर उदगीरचे दुकानदार दारात येऊन बघायचे. त्या दिवशी मात्र आवाज फाटला होता.

आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि दुष्काळ असा, की तळ्यातली बेडकं पोहायचं विसरली होती. पाणी मागं हटलं तसा तळं बांधताना बुडालेल्या गावाचा जुना रस्ता वर आला. त्याच उतारावरून आम्ही मासे धरणारे नावा सोडायचो. रुंदी एका नावेची. दोन्ही अंगांना काळा गाळ. त्यात खुपसलेली काठी चार दिवसांनी आंध्रात निघाली असती.

म्हणून मी कायदा केला होता. जाळं, वल्ही, भाकरी, सगळं वर बाभळीखाली नावेत भरायचं. रस्त्यावर फक्त ढकलायचं. पाण्यात गेलं की लगेच बाजूला व्हायचं, मागच्याला वाट द्यायची. मोडणाऱ्याला मी असा झाडायचो, की गावोगावच्या त्याच्या सोयऱ्यांना ठसका लागायचा.

त्या सकाळी आप्पांच्या देवणी जोडीतला एक बैल पलीकडच्या काठाला पाणी प्यायला गेला आणि पोटापर्यंत रुतला. गाळातून जाणारा माणूसही रुतला असता. पोचायचं तर पाण्यातूनच. फळ्या, दोर, चार गडी, सगळं माझ्या नावेत तयार. आप्पा आणखी एक कासरा आणायला घराकडं पळाले होते. ते आले की ढकलायचं.

तेवढ्यात जीप आली, मागं पत्र्याची नाव. तळ्यात पाणी किती उरलं ते मोजायला साहेब आले होते. भला माणूस. माझी भरलेली नाव बघून त्यांनी आपणहून विचारलं, "घाई आहे का तुम्हाला? मग तुम्ही पुढं व्हा."

आता पाहुण्याला 'हो, आहे' म्हणायला आमच्याकडं जीभच वळत नाही. आढ्याला आग लागली तरी आम्ही म्हणणार, बसा हो, चहा ठेवलाय.

"न्हाई न्हाई साहेब," मी हात जोडले, "आमचं रोजचंच हाय. आधी तुम्ही."

आणि माझ्याच हातानं माझी नाव कडेला ओढली. गडी माझ्या तोंडाकडं बघत राहिले. साहेबासमोर त्यांनीही हात जोडले.

साहेबांच्या माणसांनी पत्र्याची नाव उताराच्या मधोमध आणून ठेवली आणि मग भरायला घेतली. खुर्च्या, माठ, मोजायची रंगीत पट्टी, पट्टी बांधायची सुतळी, सुतळी कापायला विळा, विळा विसरला म्हणून पुन्हा जीप. कायदा करणारा मी साहेबांवर छत्री धरून उभा.

आप्पा कासरा घेऊन आले ते ओरडतच.

साहेब दचकले. "कुठला बैल? तुम्ही तर म्हणालात रोजचंच."

मी छत्री मिटली. साहेबांनी लगेच नाव हटवायला सांगितली. माणसांनी घाईनं रेटली, ती तिरकी सरकून गाळात घुसली आणि रस्त्यावर आडवी अडकली. आम्ही सगळे तिला लागलो. साहेबही, बुटासकट. ती निघेपर्यंत ऊन डोक्यावर आलं.

पलीकडं पोचलो तेव्हा शिंगं तेवढी वर होती. इथं मला काही वाढवून सांगता येत नाही. आप्पांनी वाकून एका शिंगावर हात ठेवला.

परत उताराला लागलो. मागं दोन नावा मासे घेऊन येत होत्या. आप्पा उतरले आणि कोरडा कासरा गुंडाळू लागले. मी नाव तिथंच सोडून त्यांच्यापुढं उभा राहिलो. म्हणालो, "आप्पा, माझं चुकलं. नुसतं हो म्हणायचं होतं."

आप्पांनी कासऱ्याचा शेवटचा वेढा घातला.

"नाव बाजूला घे," ते म्हणाले. "मागच्यांना यायचं हाय."