आईच्या गालावरची सावली

आई मंगळवारी गेली. तिचा एकच फोटो होता, कोणाच्या तरी लग्नातला, आणि त्यात तिचा चेहरा बोटाच्या पेराएवढा. सातव्या दिवशी घरी पुण्यानुमोदन होतं; भंतेजी वंदना घ्यायला येणार होते. वडील एवढंच म्हणाले, "तिचा चेहरा पाहिजे गा. मले आत्ताच नीट आठवून नाही राहिला."

मी ग्रंथालयात नोकरीला होतो, म्हणजे स्वतःला जाणकार समजत होतो. स्टुडिओत फोटो मोठा करून घेतला असता तर भागलं असतं. मी गेलो हायवेवरच्या वाडीला, ट्रक रंगवणाऱ्या पेंटरकडे, आणि त्याच्यापुढे आईचा फोटो ठेवून फ्रेंच चित्रकारांचं जाड पुस्तक उघडलं. त्यात एका बाईचं चित्र होतं. कपाळावर पिवळा उजेड, गळ्याशी नारिंगी, आणि गालावरची सावली चक्क हिरवी.

"सावली काळी नसते," मी त्याला समजावलं. "सावलीलाही रंग असतो."

त्याने पुस्तक तिरपं धरून पाहिलं. "बाई बिमार होती काय?"

"नाही. उजेड तसा होता."

"मंग ठीक हाय. पण रंग ट्रकचेच हाय माह्याजवळ."

सातव्या दिवशी सकाळी पेंटरने रंगवलेला पत्रा आणून भिंतीला टेकवला. आईचा डावा गाल पोपटी होता, हनुवटी जांभळी, आणि सवयीने चारही बाजूंना वेलबुट्टी. मेणबत्त्या लावल्यावर ती चकाकायलाच लागली. भंतेजींनी एकदा वर पाहिलं आणि घाईने डोळे मिटून वंदना सुरू केली.

वंदना संपताच आत्या म्हणाली, "काहून गा, वहिनीले कावीळ झाली होती काय?"

"कावीळ पिवळी असते," काका म्हणाले. "हे हिरवं हाय."

"मोठा हार टाका वं," शेजारीण म्हणाली, "गाल झाकून जाईन."

मी पुस्तकाचं नावही काढलं नाही. उठलो आणि हार गालावर ओढू लागलो. वडिलांनी माझा हात धरला. त्यांनी चष्मा पुसला, चित्राकडे डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून.

"रंगाचं मले काही समजत नाही," ते म्हणाले. "पण तीच हाय. पाह्य ना, माह्यावर चिडून राहिली."

त्या आठवड्यात ते पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता रडले. हार मी गालावरून बाजूला सरकवला.

वडीलही आता नाहीत. चित्र माझ्या खोलीत आहे. आईचा दुसरा चेहरा मला आठवत नाही.