मे महिन्याची वाट

व्हिडिओ गेमच्या लेव्हल मी पोटासाठी बनवते आणि पत्रकं रागासाठी लिहिते. दोन्ही कामं एकाच लॅपटॉपवर, पेडण्याजवळच्या आमच्या घरात चालतात. लेव्हल म्हणजे काय ते गावात प्रत्येकाला सांगावं लागतं, म्हणून इथंही सांगते. गेममधला गडी जिथून धावतो ती जागा म्हणजे लेव्हल. भिंत कुठं, खड्डा कुठं, डोंगर कधी दिसायचा आणि कधी लपायचा, हे कुणीतरी बसून ठरवतं. ती कुणीतरी म्हणजे मी.

दोन वर्षांपूर्वीच्या मेमध्ये मला काहीच सुचेनासं झालं. लागोपाठ तीन लेव्हल ऑफिसनं परत पाठवल्या. "सगळं बरोबर आहे, पण जीव नाही," असं आमच्या पणजीतल्या ऑफिसच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला एक यादी धाडली, प्रेरणा कशी मिळवावी त्याची. जुनी देवळं बघा, नकाशे चाळा, आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत: निसर्गात पायवाटांवरून फिरा.

वाचून माझं टाळकं सटकलं. फिरा म्हणे! कुठं फिरू? आमच्या डोंगरावर जाणाऱ्या वाटेच्या तोंडाला त्याच महिन्यात लोखंडी फाटक बसलं होतं. वर व्हिला होणार होते. फाटकावरच्या फलकावर लिहिलं होतं, "निसर्गाच्या कुशीत". कुशीत कुणी झोपायचं ते आधीच ठरलेलं होतं. आम्ही बाहेर.

त्या वाटेवर मी वाढले, असं म्हटलं तरी चालेल. बाबा पोस्टमन होते. डोंगरापलीकडच्या वाडीचं टपाल त्यांच्याकडं होतं. रस्त्यानं गेलं तर दोन बस आणि अर्धा दिवस, डोंगरावरून गेलं तर तास-सव्वा तास. मेच्या सुटीत ते मला बरोबर न्यायचे. घरामागं बेडं होतं, म्हणजे दोन दगडी खांबांच्या भोकांतून आडवे सरकवलेले बांबू. बाबा एक बांबू काढायचे, मी वाकून पलीकडं जायची, आणि गुरं शिरू नयेत म्हणून ते तो पुन्हा सरकवायचे. पुढं पाणंद, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, त्यावर सरडे. मग व्हाळ, म्हणजे ओढा. मेमध्ये व्हाळात पाणी नावाला. ओळीनं सात दगड मांडलेले, त्यांवरून उड्या मारत जायचं. सातवा डुगडुगायचा. मग काजूची झाडं, आणि खाली पडलेल्या बोंडूंचा असा आंबूस वास की भूकही लागायची आणि मळमळायचंही. चढ संपला की सडा. काळा, उघडा, चपलेतून भाजणारा कातळ.

"बाबा, वयर काय आसा?" मी चढताना विचारायची. वयर म्हणजे वर आणि सकयल म्हणजे खाली. पूर्व-पश्चिम आमच्याकडं शाळेच्या भूगोलात. बाकी सगळा गाव वयर नाहीतर सकयल.

"वयर गेल्यार दिसतला," बाबा म्हणायचे. दर वेळी तेच. कधी सांगितलं नाही. आणि वर गेलं की खरंच दिसायचं. सड्याच्या टोकाला, मांद्रे गावाच्या अंगाला, समुद्राची एक चपटी पट्टी. ती आधीच सांगितली असती तर मी चढले नसते, आणि चढले असते तरी ती इतकी मोठी वाटली नसती. आज मी लेव्हलमध्ये चढाच्या टोकाला काही लपवते तेव्हा ऑफिसातली पोरं त्याला भारी भारी नावं देतात. मला ते बाबांनी फुकट शिकवलं होतं.

परतीला सडा उतरायच्या आधी बाबा एका धोंड्यापाशी थांबायचे. पिशवी खाली ठेवून सकयल बघायचे. मला काही दिसायचं नाही, काजूची पानं माझ्या डोक्यावरून जायची. मला वाटायचं, दम खातायत. त्या धोंड्यावर बसून आम्ही सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेला उंडा अर्धा अर्धा खायचो. उन्हात कडक झालेल्या त्या पावाची चव मला अजून कुठल्या हॉटेलात मिळालेली नाही.

मामेभावाकडं टीव्हीला जोडायचा गेम आला तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. त्यातला गडी नुसता उजवीकडं पळायचा. मला राग आला. "हो वयर कित्याक जायना?" मी विचारलं. मामेभाऊ म्हणाला, "तुका जमता तर तूच कर." केलं. गणिताच्या चौकटींच्या वहीत पेन्सिलीनं पाणंद, सात दगड, काजू, धोंडा. शाळेतल्या बाईंनी वही पकडली आणि लाल शाईत विचारलं, "हे काय आहे?" बाई, ती वाट होती. तेव्हा सांगायचं धाडस झालं नाही.

तर फाटक बसलं, आणि मी आधी पत्रक लिहिलं. 'वाट आमच्या पायांची आहे, कुणाच्या खिशातली नाही,' असं मथळ्यात. खाली मी स्वतः काढलेला नकाशा: बेडं, पाणंद, सात दगड, काजू, सडा. घरोघर वाटलं. चहाच्या दुकानात दुसऱ्या दिवशी ते बाकाच्या डुगडुगत्या पायाखाली घडी करून घातलेलं दिसलं. दुकानदार म्हणाला, "वाचलां गो. जाड कागद वापरलंस, बरा केलंस."

व्हिला बांधणाऱ्या कंपनीच्या माणसानं मात्र ते नीट वाचलं. पण ते पुढं.

पत्रकानं काही हलेना, ऑफिसचं काम सुचेना, तेव्हा मी रविवारी नुसती माझ्यासाठी ती वाट बनवायला घेतली. गेम म्हणून. शत्रू नाहीत, गुण नाहीत. घरातून निघायचं, पलीकडच्या वाडीत टपाल द्यायचं आणि परत यायचं. बस्स. कित्येक महिन्यांनी माझे हात भराभर चालले. बोंडूंचा वास गेममध्ये घालता येत नाही याचं मला खरंच वाईट वाटलं.

जून सरता सरता मी लॅपटॉप बाबांपुढं ठेवला. त्यांचे गुडघे आता चढ मानत नाहीत. दिवसभर ते जनेलाजवळच्या कदेलावर, म्हणजे खिडकीजवळच्या खुर्चीवर, बसून असतात. आई गेल्यापासून तर जास्तच. त्यांना बटणं दाबता येईनात, म्हणून त्यांनी बोलायचं आणि मी दाबायचं असं ठरलं.

"वयर. वयर. आता थांब." व्हाळ आला होता. सात दगड छान चमकत होते. बाबा चष्मा काढून पडद्याकडं बघत राहिले. "खंयचो म्हयनो?"

"कसला महिना?"

"ह्या तुज्या गेमात. खंयचो म्हयनो चल्लाहा?"

"गेमात महिना नसतो, बाबा."

"मगे पाय खंय ठेवतलंस?" ते म्हणाले. "मिरगापासून दसरो जाय सर हे धोंडे पाण्याखाली. हंयसून कोण जाता? मेल्यांका धाडूक केलंस काय हो गेम?"

बाबांनी मग सांगितलं, जणू ते सगळ्या जगाला ठाऊक असल्यासारखं: पावसात व्हाळ ती वाट घेतो, म्हणून माणसं वरची घेतात. पाणंदीतून डावीकडं, साकवावरून, म्हणजे ओंडक्यांच्या पुलावरून, पलीकडं, फणसाच्या बाजूनं कातळाच्या कडेकडेनं थेट सड्यावर. त्या धोंड्यापाशी दोन्ही वाटा मिळतात. चार महिने ही, आठ महिने ती. सगळा गाव तसाच चालत आला.

आणि मी? मी फक्त मेच्या सुटीत चालले होते. माझं सगळं बालपण, ज्याच्या मी पत्रकांत आणाभाका घेत होते, ते एका महिन्याचं होतं. पावसात मी शाळेत असायची आणि बाबा एकटे त्या कातळावरून जायचे. हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मग दुसरी गोष्ट डोक्यात आली. कंपनीनं पंचायतीत दिलेल्या आराखड्यात बांधकाम संपल्यावर गावासाठी एक वाट सोडलेली होती. सात दगडांची. वरची, कातळाच्या कडेची, भिंतीच्या आत जात होती, कारण त्या कडेवरूनही समुद्र दिसतो आणि व्हिला तिथंच व्हायचे होते. म्हणजे चार महिने अख्खा गाव व्हाळात. आणि माझ्या पत्रकात, माझ्या हातानं काढलेल्या नकाशात, तीच एक वाट होती.

दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन फाटकावर गेले. वरची वाट निदान एकदा डोळ्यांनी बघायची होती. तिथला रखवालदार बेळगावकडचा, तो बिचारा स्वतःच भिजत उभा. "ताई, माझ्यावर चिडून काय उपयोग? सोडू नको म्हणालेत. मी तर चढून बी बघितलं न्हाई वर काय हाय ते." चिडायचं होतं, पण त्याच्यावर काय चिडायचं?

म्हणून वरची वाट मी बाबांच्या तोंडून बनवली. संध्याकाळी ते सांगायचे, मी बनवायची. पाऊस घातला, साकव घातला, निसरडा कातळ घातला. "हंय हात धरूक मूळ आसा, ता घाल." घातलं. धोंड्यापाशी आलो तेव्हा मी विचारलं, "इथून पावसात काय दिसतं? काय घालू?"

"वयर गेल्यार दिसतला," बाबा म्हणाले आणि जनेलाबाहेर बघू लागले. मी तिथं बसायचा धोंडा ठेवला आणि पुढं गेले.

ग्रामसभा रविवारी सकाळी झाली. कंपनीचा माणूस इस्त्रीच्या शर्टात, गोड बोलणारा. वाटेचा विषय निघताच त्यानं खिशातून माझं पत्रक काढलं आणि उलगडून सगळ्यांना दाखवलं. "आम्ही गावाची परंपरा मानतो. ह्या ताईंनी स्वतः दाखवलेली वाट आम्ही जशीच्या तशी सोडली आहे. आता आणखी काय पाहिजे?"

लोक माझ्याकडं बघायला लागले. पत्रकं लिहिणाऱ्याला सगळ्यात जड जाणारं वाक्य मी उभं राहून म्हटलं. "नकाशा चुकीचा आहे. चूक माझी. मी मे महिन्याची वाट काढली." आणि लॅपटॉप पंचायतीच्या मोठ्या टीव्हीला जोडला.

आधी हसले. "सरपंचानू, आता गेम खेळूचो?" मागून कुणीतरी ओरडलं. मी आधी उन्हाळा दाखवला. मग पाऊस सुरू केला, सात दगड बुडाले आणि गडी पाणंदीतून डावीकडं वळला. हसणं थांबलं. साकवाच्या पुढं गेले तशी पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून टीव्हीजवळच आली.

"ह्यो फणस चुकलो. फणस साकवाच्या आधी!"

"आधी खंय? मगे," दुसरी म्हणाली. "आधी तो आंब्याचो खुंट."

"तू न्हवरी होवन सायकलीवरसून आयलंस, तुका काय ठावक? मी डोक्यार भाताची मोटळी घेवन गेलंय!"

पाच मिनिटांत अर्धी सभा टीव्हीपुढं उभी राहून माझ्या लेव्हलमधल्या चुका काढत होती. आयुष्यात माझ्या कामाला इतका मोठा मान मिळालेला नाही. जी वाट कंपनीच्या लेखी नव्हतीच, तिच्यातल्या एका फणसावरून दोन बायका हातघाईवर आल्या होत्या. सरपंच हसले, मग गंभीर झाले. ठराव झाला: तलाठ्यांनी भर पावसात, जागेवर जाऊन बघावं. तोवर वर एक चिरा बसवायचा नाही.

पाहणीच्या दिवशी पाऊस असा लागला होता की समोरचा माणूस धूसर. बाबा घरीच राहिले. तलाठी, सरपंच, कंपनीचा माणूस, मी. रखवालदारानं फाटक उघडलं आणि मला म्हणाला, "बघून या, आणि मला बी सांगा." फणस (साकवाच्या आधीच होता, म्हातारी बरोबर), साकव, कातळ. हात धरायला मूळ होतं तिथंच होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या वाटेनं चढले आणि प्रत्येक पाऊल मला ओळखीचं होतं.

वर धोंड्यापाशी पोचलो. तलाठ्यांनी प्लास्टिकखाली वही उघडली. कंपनीचा माणूस म्हणाला, "ठीक आहे, ही एक वाट आहे, मान्य. पण आराखड्यातली खालची जवळची आहे. उतरताना तिनंच जाऊ, पाणी काही एवढं नसेल." आणि निघालासुद्धा.

पाऊस घटकाभर उणावला तेव्हा मी सकयल बघितलं. आता मी बाबांच्या उंचीची होते. पानांच्या वरून, माडांच्या फटीतून, आमच्या घराचं एकच जनेल दिसत होतं. त्यात लाल पंचा टांगलेला होता.

आधी वाटलं, वाळत घातलाय. अशा पावसात? मग कळलं. बाबा टपाल घेऊन डोंगरावर असायचे तेव्हा आई घरातून व्हाळ बघायची. दगड बुडाले की पंचा टांगायची; आज तिच्या जागी तो बाबांनी टांगला होता. बाबा इथं थांबून बघायचे आणि कुठल्या वाटेनं उतरायचं ते ठरवायचे. ते दम खात नव्हते. मेमध्येसुद्धा, व्हाळात पाणी नावाला असतानासुद्धा, ते सवयीनं थांबून घराकडं बघायचे.

"थांबा," मी ओरडले. "दगड बुडालेत. पंचा लागलाय."

"काय लागलाय?" तो खालून म्हणाला, आणि पुढं गेला. अर्ध्या तासानं परत आला तेव्हा मांड्यांपर्यंत ओला होता आणि एक बूट नव्हता. तलाठी हसले नाहीत, तेवढा सभ्यपणा त्यांच्यात होता. त्यांनी मला पंच्याबद्दल विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी वहीत लिहिलं: वाटा दोन, पाण्याप्रमाणे वापर. मग आम्ही चौघं वरच्या वाटेनं उतरलो.

घरी बाबा जनेलाशीच होते. पंचा ओला होऊन जड झाला होता.

"सांगितलं का नाही मला?" मी विचारलं.

"सांगितल्यार तू गेमात घातलं असतंस," ते म्हणाले. "मगे वयर कित्याक गेली असतंस?"

कंपनीनं वरच्या कचेरीत अर्ज केलाय, वाद अजून चालू आहे, आणि मीही थांबलेली नाही. नव्या पत्रकाला दोन नकाशे आहेत. ऑफिसला मी ती लेव्हल पाठवली, पंच्यासकट. वरिष्ठ बाईंनी विचारलं, खेळणाऱ्याला पंच्याचा अर्थ कुठं सांगितलाय? मी कळवलं की सांगितलेला नाही. एकदा व्हाळात पडला की त्याचा तो बघेल.