शिवम्माकाकूचं ओलं फडकं

शिवम्माकाकू माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी हात हुंगायची. अहमदपूरकडच्या आमच्या गावात दूध केंद्र तिच्याच पडवीत होतं. चरवी घेऊन आलेल्या कुणाची सुटका नव्हती. मी तिची नक्कल करायचो. नाक वर, विभूतीच्या पट्ट्यांना आठ्या, आणि "बिडी वढून धार काढलास न्हवं? जा, हात धुऊन ये." पोरं लोळायची. एकदा तिनं मागं उभं राहून सगळं बघितलं. म्हणाली, "नाक अजून वर घे की, भाड्या. मी एवढी गरीब दिसते व्हय?"

म्हशीला कुणी काठी उगारली की ती रस्त्यातून वरडायची, "ती बोलत न्हाई म्हणून तिला दुखत न्हाई व्हय रे?" धार काढणाऱ्याला ठरलेलं वाक्य, "तीन सड घराचे, एक रेडकाचा." लोक हसायचे, पण एक सड सोडायचे.

मग जिल्हा नवा झाला आणि विहिरी कोरड्या पडल्या. सरकारी जीपवर उस्मानाबाद खोडून लातूर लिहिलं होतं, खालचं उस्मानाबाद तरी दिसायचंच. पीक गेलं, घरं दुधावर चालायला लागली. प्यायला पाणी न्हाई, तिथं कास कोण धुणार? मग काकूच निघाली. झुंजूमुंजू झालं की हातात तांब्या, तांब्यात एक फडकं. या गोठ्यातून त्या गोठ्यात जायची, सगळ्या म्हशींच्या कासा पुसून द्यायची. एका तांब्यात अख्खी गल्ली.

थोड्याच दिवसांत दूध नासायला लागलं. दूध न्यायला येणाऱ्या गाडीवाल्यानं कॅन परत खाली उतरवले. "काकू, अजून एकदा असं निघालं तर गाडी या रस्त्याला वळायची न्हाई." काकू हात हुंगून दमली. सगळ्यांचे हात साफ. तिची झोप उडाली. संध्याकाळी पण फडकं घेऊन फिरायला लागली. तरी एकेका म्हशीची कास दगडासारखी व्हायला लागली. गंगाबाईची म्हैस तर हात लावू देईना. तिच्या दावणीला तेवढीच एक.

जनावरांचा डॉक्टर आला. सगळे गोठे फिरला आणि विचारलं, "कास कोण पुसतं?"

गंगाबाई कौतुकानं बोलली, "आमच्या काकू. समद्यांच्या पुसत्यात."

"एकाच फडक्यानं?"

सगळ्यांनी काकूच्या हातातल्या फडक्याकडं बघितलं.

"मग रोग एकीचा दुसरीला त्यातूनच गेला, बाई," डॉक्टर हळूच म्हणाला. काकू तशीच उभी. फडक्यातलं पाणी तिच्या पायावर गळत होतं.

दुसऱ्या सकाळी केंद्रावर तिनं सगळ्यांना थांबवलं. "गावाचं दूध मी नासवलं. ज्याला बोलायचंय त्यानं बोलून घ्या."

म्हातारा तात्या म्हणाला, "तुमच्याबिगर पाणी घेऊन कोण आलतं आमच्या दारात?"

"ते ऱ्हाऊ द्या तात्या. आजारी म्हशीचं दूध केंद्रावर न्हाई, लेकराच्या तोंडात न्हाई. मातीत वता. आन् ज्या त्या म्हशीला तिचं तिचं फडकं."

दुष्काळात दूध मातीत वतायचं म्हणजे काय, ते बायांची तोंडं बघून कळत होतं. तरी वतलं. उरलेल्या दुधाचा कॅन अर्धासुद्धा भरला न्हाई. गाडी आली. गाडीवाल्यानं झाकण काढलं, वास घेतला, वाटीभर दूध काढून स्टोव्हवर तापवलं. आम्ही सगळे वाटीकडं बघत होतो, काकू भिंतीकडं. दूध वर आलं, पण फाटलं न्हाई. "चढवा गाडीत," तो म्हणाला. काकू आहे तिथंच खाली बसली.

हळूहळू म्हशी बऱ्या झाल्या. गंगाबाईच्या म्हशीच्या एका सडात मात्र दूध उतरेना. त्यानंतर काकूनं कुणाच्या गोठ्यात पाय टाकला न्हाई. दारातूनच सांगायची. गंगाबाई म्हणायची, "आत या की." काकू म्हणायची, "न्हाई गं, इथून दिसतंय."

पुढच्या उन्हाळ्यात ती आजारी पडली आणि लेकीनं तिला लातूरला नेलं. मी भेटायला गेलो तर आवाज पार खोल गेलेला. पहिलंच विचारलं, "गंगाच्या म्हशीचा सड आला का रे?"

"आला की काकू," मी हसत म्हणालो. "चारी सडानं देती आता."

तिनं 'न्हाई' म्हणून मान हलवली.

"आटलाय तो. गाव सोडायच्या आधी गंगा घरात नव्हती तवा आत जाऊन हात लावून बघितलाय मी." थांबून म्हणाली, "म्हैस लाथ मारील वाटलं. हलली बी न्हाई."